पुनरागमन-गीत (थ्रॅश मेटल)

बऱ्याच वर्षांनी परतणारा जुना थ्रॅश (वेगवान, आक्रमक हेवी मेटल) बँड ज्या गाण्याने पुन्हा उभा राहतो, त्याचा सूर बहुधा 'झुकणार नाही' असाच असतो. टेस्टामेंट या थ्रॅश बँडचे गायक चक बिली यांना २००१ मध्ये कर्करोग झाला. त्यातून ते उठले आणि २००८ मध्ये बँडचा 'द फॉर्मेशन ऑफ डॅमनेशन' हा अल्बम आला. एक्झोडस या बँडचे गायक पॉल बॅलॉफ २००२ मध्ये वारले, तरी २००४ मध्ये बँडचा 'टेम्पो ऑफ द डॅम्ड' हा अल्बम निघाला.

अशा गाण्यातली जिद्द शब्दांआधी गिटारवादकाच्या उजव्या हातात ऐकू येते. तळहाताची कड ब्रिजला (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात त्या पट्टीला) टेकवून तारा दाबायच्या आणि प्रत्येक फटका खालच्याच दिशेने मारायचा. कड नेकच्या (गिटारच्या लांब दांड्याच्या) बाजूला सरकली तर सूर मरतो, मागे राहिली तर तारा घुमत राहतात. मिनिटाला १९० ठोक्यांच्या लयीत, ठोक्याला दोन फटके म्हणजे मिनिटाला ३८० फटके. हे मनगटातूनच झेपते. कोपरातून मारणाऱ्याचा हात दुसऱ्या कडव्यात आखडतो. १४० पासून सुरुवात करावी, दोन मिनिटे स्वच्छ वाजले तरच ४ ठोक्यांनी वाढवावे. डिस्टॉर्शन (आवाजाचा खरखरीतपणा) वाढवून चुका झाकण्याचा मोह टाळावा, कारण त्याने रिफचा (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या गिटारच्या तुकड्याचा) चिखल होतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. पारा ४५ अंशांवर गेला की हवा कोरडी पडते, फिंगरबोर्डचे (नेकवरच्या, बोटे ठेवायच्या पट्टीचे) लाकूड आकसते, फ्रेटची (त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोके बोटांना बोचू लागतात आणि नेक मागे वाकून तारा फ्रेटवर खडखडतात. अशा वेळी ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सांभाळणारी धातूची सळई) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमीच सैल करावा. पावसाळ्यात लाकूड फुगून तारा उंच होतात, तेव्हा उलट करावे. गिटार कूलरच्या झोतात ठेवू नये: ओलाव्याने तारा गंजतात, आणि मोटर जवळ असली तर पिकअपमध्ये (तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकी भागात) गुणगुण शिरते.

सामूहिक आरोळी मराठीत लिहायची असेल तर ओळ दीर्घ स्वरावर संपवावी. 'नाही' झांजांच्या गजरातही पोचते. 'संघर्ष'मधला शेवटचा 'र्ष' तिथे विरून जातो. चौघांनी एकाच माइकपासून दोन हात दूर उभे राहून, स्नेअरच्या (ड्रम-संचातल्या कडक आवाजाच्या ढोलाच्या) ठोक्यावर ओरडावे. माइकला तोंड लावले की एकट्याचाच आवाज वर येतो.