जळलेल्या घरातली चांदी

मार्च-एप्रिल १९४१ मध्ये जर्मन विमानांनी इंग्लंडमधलं प्लिमथ भाजून काढलं. डेव्हनपोर्टची नौदल गोदी तिथलीच, म्हणून नौदल अधिकाऱ्यांची बिऱ्हाडंही तिथे. अशा घराच्या राखेतून निघालेली चांदीची चहाची किटली आज दुरुस्तीला आली, तर ती घासून लख्ख करायचा मोह आवरावा. तिला चिकटलेल्या चुना-विटांच्या कणांनीच ओरखडे उठतात. आधी कोमट पाणी आणि मऊ ब्रश, बस.

ब्रिटिश स्टर्लिंगमध्ये, म्हणजे भांड्यांच्या मिश्र चांदीत, ९२.५ टक्के शुद्ध चांदी, बाकी बहुतेक तांबं. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, स्टर्लिंग मात्र ८०० च्या आसपासच पाझरू लागते. म्हणून किटलीचं पोट शाबूत आणि तोटी मात्र ओघळलेली, असंही दिसतं.

काळेपणाचे प्रकार दोन. गंधकाने आलेला थर वरवरचा असतो. ॲल्युमिनियमच्या फॉइलवर भांडं टेकवून खाण्याच्या सोड्याचं गरम पाणी ओतलं की सडक्या अंड्यांचा वास येतो आणि थर उतरतो. त्यानंतरही जांभळट-करडी सावली उरली तर ते प्रकरण वेगळं. तापलेल्या चांदीत ऑक्सिजन आत शिरून तिथल्या तांब्याचा ऑक्साइड करतो. तो घासून काढायचा म्हणजे चांदीच झिजवायची, आणि त्यात कोरलेली कुलचिन्हं व कसाचे शिक्के आधी जातात. सावली राहू द्यावी, हेच बरं.

खरा घात करतं शिसं. जुन्या दुरुस्तीत पाय किंवा मूठ कथील-शिशाच्या डागाने, म्हणजे सोल्डरने, जोडलेली असते. हा डाग १८३ अंशांनाच वितळू शकतो. आगीत तो पसरतो, चांदीत मुरतो आणि तिला खड्डे पाडतो. पोचे काढण्यापूर्वी चांदी ६०० ते ६५० अंशांवर, म्हणजे अंधाऱ्या खोलीत मंद लाल दिसेपर्यंत, तापवून मऊ करावी लागते. त्याआधी शिशाचा कण न् कण खरवडून काढला नाही, तर त्याच जागी आरपार भोक पडतं. मग भांडं थंड करून, पोचा आतून ऐरणीच्या टोकावर टेकवून, लाकडी हातोडीने हलके ठोके द्यायचे. ठोक्यांनी धातू कडक झाला की पुन्हा तापवायचा. घाई केली की चीर जाते.

सुऱ्यांच्या मुठी मात्र बर्नरखाली धरू नयेत. त्या पातळ पत्र्याच्या, आत राळ-डांबर भरलेल्या. आपल्याकडे सोनार पोकळ दागिन्यात लाख भरतात तशा. आतलं मिश्रण फुगलं की मूठ सांध्यावर फाटते. सोड्याच्या गरम पाण्यातही त्या बुडवू नयेत, कारण राळ सैल होऊन पातं निघून येतं.