बीपीएड की स्पोर्ट्स सायन्स? शिट्टी तीच, प्रश्न वेगळा

मी फोंड्यात शाळेत पीटी शिकवतो, त्यामुळे बारावीचा निकाल लागला की एक प्रश्न हमखास माझ्या दारात येतो. यंदा तो घेऊन आली माझी भाची. "मामा, बीपीएड करू की स्पोर्ट्स सायन्स?" म्हणजे पीटी शिकवण्याची पदवी, की खेळामागच्या शास्त्राची? ताई चहा गाळता गाळता म्हणाली, "दोन्ही एकच गं. शेवटी शिट्टीच वाजवायची."

शिट्टी दोघांच्याही गळ्यात असते, हे खरं. बीप टेस्टचंच घ्या, दम मोजणारी धावण्याची चाचणी. वीस मीटरवर दोन रेषा, ध्वनी वाजला की पलीकडची रेषा गाठायची. सुरुवात ताशी ८.५ किलोमीटरने, पुढे दर मिनिटाला, म्हणजे दर लेव्हलला, अर्ध्या किलोमीटरने वेग वाढतो. मी ही टेस्ट घेतो ती चाळीस मुलांच्या वर्गाची. कोण कुठल्या लेव्हलला थांबलं ते लिहितो, संघ निवडतो, मागे पडलेल्याला चिडवणाऱ्यांना दटावतो, आणि घंटा व्हायच्या आत सगळ्यांना पाणी पाजून वर्गात धाडतो. हे शिकायलाच बीपीएड लागतं: पाठाचं नियोजन, मैदान आखणं, खो-खोपासून फुटबॉलपर्यंतचे नियम, पंचगिरी, आणि ज्याला खेळायचंच नाही त्यालाही खेळात ओढणं. ही शिक्षकाची पदवी आहे. साधारणपणे कुठल्याही पदवीनंतर दोन वर्षांची. ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई संस्थेत बारावीनंतर थेट चार वर्षांचीही आहे.

स्पोर्ट्स सायन्सवाला त्याच टेस्टला उभा राहिला की त्याचा प्रश्न पुढे सुरू होतो. मुलगी सातव्या लेव्हलला का थांबली? दम संपला, की पाय? की रेषेवर वळताना ती दर वेळी दोन पावलं जास्त टाकते आणि तिथेच दमते? की कंटाळली? दम की पाय यासाठी शरीरक्रियाशास्त्र, वळण्यासाठी बायोमेकॅनिक्स (शरीराच्या हालचालींचं शास्त्र), कंटाळ्यासाठी मानसशास्त्र, आणि उत्तर खरं की योगायोग हे ठरवायला संख्याशास्त्र. बीएस्सीत हेच विषय येतात. बीपीएडलाही शरीरशास्त्र असतं, नाही असं नाही. पण आमच्याकडे ते शिकवण्यासाठी लागणारं ज्ञान, तिकडे तोच मुख्य धंदा.

आपल्या गोव्याच्या हवेत हा फरक चटकन दिसतो. व्यायामात खर्च होणाऱ्या ऊर्जेचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ती घालवायला घाम सुकावा लागतो. आपल्याकडे हवाच ओली, त्यामुळे घाम नुसता ओघळतो, अंग थंड होत नाही. मे महिन्यात एका पोराला सरावाआधी काट्यावर उभं केलं: ६२.४ किलो. दीड तासाने अंग पुसून परत: ६१.२. मधे अर्धा लिटर पाणी प्यायला होता, म्हणजे घाम गेला सुमारे १.७ लिटर. वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास पाणी कमी झालं की खेळ ढासळू लागतो, आणि हा पठ्ठ्या तिथे पोचलेलाच होता. वीस वर्षं मी 'पाणी प्या रे' ओरडतोय. कुणाला किती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तसंच मिरामार किनाऱ्यावरच्या वाळूचं. आमचे जुने सर वाळूत पळवायचे, 'पाय तयार होतात' म्हणून. वाळूत त्याच वेगाने धावायला टणक जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, हे मोजलेलं आहे. सर चुकले नव्हते. पण सामन्याच्या आदल्या दिवशी पळवायचे, तिथे चुकले.

आता ताईचा खरा प्रश्न, नोकरीचा. शाळेत पीटीची जागा हवी असेल तर नुसत्या स्पोर्ट्स सायन्सच्या बीएस्सीवर भागत नाही. शिक्षकाची पात्रता वेगळी लागते. उलट फुटबॉल क्लबात स्ट्रेंथ अँड कंडिशनिंगचं (खेळाडूंची ताकद आणि दम वाढवण्याचं) किंवा कामगिरीच्या विश्लेषणाचं काम हवं असेल, तर माझं बीपीएड तिथे अपुरं पडतं. अशा जागा मात्र मोजक्या, आणि बहुतेक गोव्याबाहेर. २०२३ला ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्याकडे झाल्या तेव्हा फातोर्डा-कांपालच्या मैदानांवर गर्दी करणाऱ्या किती पालकांनी खेळाडूच्या मागे उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं असेल, देव जाणे. दुखापत बरी करायची असेल तर हे दोन्ही रस्ते नव्हेत, ती फिजिओथेरपी. प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) डिप्लोमा.

आणि 'मी चांगली खेळते' हे दोन्हीकडे पुरेसं कारण नाही. भाचीला मी विचारलं, बायोलॉजी-फिजिक्स आवडतं का, आकडेमोडीचा कंटाळा येतो का. ती म्हणाली, गणित बरं आहे, पण चाळीस पोरांवर ओरडणं जमणार नाही. मग मी बीपीएडचा विषय तिथेच सोडला. ताई अजून घुश्शात आहे, स्पोर्ट्स सायन्ससाठी चेन्नईला राहायचं तर होस्टेलचा खर्च किती ते ऐकून.

काल फोन आला. "मामा, शाळेतला वजनकाटा रविवारी मिळेल? आमच्या टीमच्या अकरा जणी आहेत."