रेनो आर-३५

रेनो आर-३५ : दोन महायुद्धांच्या दरम्यान फ्रान्सने पायदळाच्या साथीसाठी बनवलेला हलका रणगाडा. पहिल्या महायुद्धात गाजलेला रेनो एफटी जुना झाला होता. त्याच्या जागी स्वस्त आणि मोठ्या संख्येने बनवता येईल असा, पण जाड चिलखताचा रणगाडा फ्रेंच सैन्याला हवा होता. १९३३ मध्ये ही मागणी निघाली. रेनो कंपनीचा नमुना पसंत पडून १९३५ च्या एप्रिलमध्ये ३०० रणगाड्यांची पहिली मागणी नोंदवली गेली. पुढे एकूण १,५०० हून अधिक आर-३५ तयार झाले.

सांगाडा ओतीव पोलादाच्या मोठ्या तुकड्यांचा, बोल्टांनी एकत्र आवळलेला. चिलखताची कमाल जाडी सुमारे ४० मिमी. त्या काळच्या हलक्या रणगाड्यात हे दुर्मीळ होते, आणि जर्मनांची ३७ मिमी रणगाडाविरोधी तोफही त्यापुढे अनेकदा तोकडी पडे. मात्र सुमारे १० टन वजनाला ८० च्या आसपास अश्वशक्तीचे इंजिन असल्याने रस्त्यावरचा कमाल वेग ताशी २० किमीच राहिला. पायदळाच्या चालीने जायचे तर एवढा पुरे, असा त्यामागचा हिशेब होता.

खरी अडचण बुरुजात, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागात होती. चालक खाली पुढे बसे. बुरुजात एकटा कमांडर. शत्रू शोधायचा, हाताने दांडा फिरवून बुरूज वळवायचा, गोळा भरायचा, नेम धरायचा, तोफ डागायची, जोडीची ७.५ मिमी मशिनगन चालवायची आणि चालकाला वाटही सांगायची, सगळे त्यानेच. बुरुजाच्या माथ्यावरच्या घुमटाला झाकण नव्हते. बाहेर नीट पाहायचे तर मागचे दार उघडून त्याच्या फळीवर, म्हणजे चिलखताबाहेर बसावे लागे. बहुतेक रणगाड्यांत बिनतारी संच नसल्याने शेजारच्या रणगाड्याला झेंड्याने खुणा करायच्या, तेही गोळीबार चालू असताना. यात माणसाची कसूर नव्हती. तीन जणांचे काम एकावर टाकणाऱ्या आराखड्याची होती.

३७ मिमीची एसए-१८ तोफ तर एफटीच्याच जमान्यातली. मशिनगनच्या मोर्च्यांवर ती चाले, रणगाड्याच्या चिलखतावर मात्र दुबळी ठरे. नंतरच्या आर-४० या सुधारित प्रकाराला लांब नळीची तोफ मिळाली, पण वेळ निघून गेली होती.

मे १९४० मध्ये सुमारे ९०० आर-३५ फ्रेंच तुकड्यांत होते. ४५-४५ रणगाड्यांच्या बटालियन करून ते निरनिराळ्या सैन्यांना वाटून टाकलेले होते, त्यामुळे एका जागी मोठा घाव घालणे जमले नाही. १७ मे रोजी माँकोर्नेजवळ शार्ल द गोल यांच्या चौथ्या चिलखती डिव्हिजनने केलेल्या प्रतिहल्ल्यात आर-३५ होते. फ्रान्स पडल्यावर शेकडो रणगाडे जर्मनांच्या हाती लागले. काहींचे बुरूज काढून त्यांवर चेक ४७ मिमी तोफा बसवल्या गेल्या, तर उतरवलेले बुरूज किनाऱ्यावरच्या तटबंदीत गेले.

परदेशी सेवाही दीर्घ होती. पोलंडचे ३० हून अधिक आर-३५ सप्टेंबर १९३९ मध्ये सीमा ओलांडून रुमानियात गेले आणि तिथल्या सैन्यात दाखल झाले. रुमानियाने पुढे ३० रणगाड्यांवर सोव्हिएत ४५ मिमी तोफा चढवल्या. इटलीला जर्मनीकडून मिळालेले आर-३५ जुलै १९४३ मध्ये सिसिलीत जेलाजवळ अमेरिकी सैन्याशी लढले. २० मे १९४८ रोजी सीरियाच्या सैन्याने इस्राएलमधल्या देगानिया वस्तीवर आर-३५ घेऊन हल्ला केला. त्यातला निकामी झालेला एक रणगाडा तिथेच स्मारक म्हणून उभा आहे.