पत्र्याला हात लावण्याआधी: पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची व्हिंटेज नोंदणी

घरच्या गॅरेजमध्ये आजोबांची फियाट किंवा अँबेसेडर पुन्हा उभी करणारी माणसं मला बहुतेक वेळा उशिरा भेटतात. गाडी रंगून तयार असते, बंपरचं क्रोम चकाकत असतं आणि मग विचारतात, "आता व्हिंटेज नोंदणीला काय लागतं?" त्या वेळी खरं सांगणं जिवावर येतं. लागणारी गोष्ट त्यांनी सहा महिन्यांपूर्वीच ग्राइंडरने कापून भंगारात दिलेली असते. म्हणून इथे पत्र्याच्या कामाशी जोडूनच सगळं सांगतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आली. दुचाकी आणि खासगी चारचाकी, दोन्हींना ती मिळते. अटी दोन. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली हवीत आणि गाडी मूळ रूपात हवी. क्लबांमध्ये व्हिंटेज, क्लासिक असे निरनिराळे गट असतात. त्यांचा या अर्जाशी संबंध नाही.

पहिल्या अटीत लोक वर्ष चुकीचं मोजतात. मॉडेल १९७४ चं आहे म्हणून २०२४ मध्ये अर्ज करतात आणि आरसी पुस्तकात, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या पुस्तकात, पहिली नोंदणी फेब्रुवारी १९७६ ची निघते. मोजणी तिथून होते, म्हणजे फेब्रुवारी २०२६ नंतरच अर्ज करायचा. उलट फसगतही होते. गाडी परराज्यातून आली असेल किंवा पुस्तकाची दुय्यम प्रत काढली असेल, तर तिच्यावरची ठळक तारीख बऱ्याचदा नंतरची असते आणि अर्जदार तीच भरून मोकळा होतो. पहिली तारीख मागच्या पानांवर, हस्तांतराच्या नोंदींत शोधा. आणि गोल दिव्यांची फियाट दिसली म्हणजे ती व्हिंटेज झाली, असं नाही. मुंबईत पद्मिनी (फियाटचंच पुढचं नाव) टॅक्सीची शेवटची नोंदणी २००३ साली झाली. तसली गाडी हौसेने घेऊन अर्जाची चौकशी करणारेही भेटतात, आणि त्यांना परत पाठवताना वाईट वाटतं.

दुसरी अट सगळ्यांत अवघड. चासी (खालचा सांगाडा), बॉडी शेल (वरचा पत्र्याचा साचा) किंवा इंजिन यांत फेरफार करून मोठी उलथापालथ केलेली गाडी या व्याख्येत बसत नाही. पण दुरुस्ती कुठे संपते आणि फेरफार कुठे सुरू होतो, याची टक्केवारी नियमात दिलेली नाही. तो निर्णय राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याची (या नोंदणीचे अर्ज हाताळणाऱ्या अधिकाऱ्याची) समिती गाडी पाहून घेते. अर्जदाराने काय समजायचं, हे सोप्या भाषेत लिहून कार्यालयाच्या भिंतीवर लावायला हवं होतं. ते झालेलं नाही, म्हणून माझा सल्ला असा. मॅटखालचा फ्लोअर, दारांच्या खालच्या कडा, डिकीत स्टेपनी ठेवायची जागा हे सगळं आपल्या दमट हवेत सडतंच. सडलेला भाग कापून त्याच मापाचा, त्याच वळणाचा पत्रा बसवणं ही दुरुस्ती आहे. टप कापून ओपन गाडी करणं, मडगार्ड रुंद करणं किंवा जुन्या फियाट डिलाइटला नंतरच्या पद्मिनीचं नाक वेल्ड करणं हा फेरफार आहे. अशी हौस असेल तर जरूर करा, पण मग व्हिंटेज नोंदणीची आशा ठेवू नका. बोल्टने बसवलेल्या वस्तू काढता येतात, म्हणून मूळ ग्रिल, मूळ दिवे, मूळ स्टिअरिंग माळ्यावर जपून ठेवा. पूर्वी पेट्रोल महाग पडतं म्हणून अनेकांनी डिझेल इंजिन बसवून घेतलं. अशा गाडीचा अर्ज अडतो, आणि तो मोह आजोबांचा होता हे समितीला सांगून उपयोग होत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी गाडीचे चारही बाजूंनी, आतून आणि खालून फोटो काढा. प्रत्येक पत्रा बदलताना आधीचा आणि नंतरचा फोटो घ्या, कापलेला तुकडा पुठ्ठ्यावर ठेवून त्याचाही घ्या. डेंटरची पावती कच्च्या कागदावर असली तरी जपा. तुम्ही आकार बदललेला नाही, हे दाखवायला याहून चांगला पुरावा नाही.

चासी नंबरबद्दल कळकळीने सांगतो. सँडब्लास्टिंग किंवा पुटी करण्याआधी चासी आणि इंजिन, दोन्ही नंबरांवर पातळ कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या. बॉनेटखालची पाटी काढावी लागली तर रिव्हेटसकट जपून ठेवा. नंबराच्या जागेवर ग्रीस लावून टेप चिकटवा आणि पेंटरला स्वतः उभं राहून दाखवा. पुटीखाली गेलेला नंबर अर्ध्यावर घासलेला सापडला की तपासणी तिथेच थांबते. अस्पष्ट झाला म्हणून पंच घेऊन स्वतः ठोकू नका. त्याने काम होत नाहीच, उलट गाडी चोरीची असल्याचा संशय येतो. आधी परिवहन कार्यालयात लेखी अर्ज द्या.

रंगाचंही तेच. पुस्तकात लिहिलेला रंग बदलायचा असेल तर आधी कार्यालयाची मंजुरी आणि मग स्प्रे गन.

आता अर्ध्या घरांत नसलेला कागद, म्हणजे जुनं आरसी पुस्तक. ते वाळवीने खाल्लेलं असतं, पुरात गेलेलं असतं, किंवा काकांकडे असतं आणि काका बोलत नसतात. पुस्तक हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून नमुना २६ भरून दुय्यम प्रत मागायची. पण जुना नंबर संगणकावर टाकला की "नोंद आढळत नाही" असं उत्तर येतं आणि लोक हताश होऊन परत येतात. त्या काळच्या नोंदी हाताने लिहिलेल्या रजिस्टरांत आहेत. आपली नोंद शोधून संगणकावर चढवावी, अशी बॅकलॉग नोंदीची लेखी विनंती करा आणि पोच घ्या. तोंडी विचारलंत तर तोंडीच नकार मिळेल. कार्यालयही बरोबर निवडा. १९६८ साली सावंतवाडीच्या माणसाने घेतलेली गाडी सिंधुदुर्गच्या रजिस्टरात कशी सापडेल? सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ साली, तोवर तो भाग रत्नागिरीत होता. जालना आणि लातूरकरांनीही हे ध्यानात ठेवावं.

पुस्तक सापडलं तरी त्यावर नाव आजोबांचं असतं. आधी नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर हस्तांतर करायचं. त्याला मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि इतर वारसांची संमती लागते. ही संमती मिळवायला वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ जातो, म्हणून गाडी खोलायच्या आधी घरच्यांशी बोला. झळाळणारी गाडी बघितल्यावर प्रत्येकाला आपला वाटा आठवतो.

बाकी पायऱ्या सरळ आहेत. परिवहन पोर्टलवर नमुना २० भरायचा, सोबत विमा, जुनं आरसी आणि गाडी आयात केलेली असेल तर सीमाशुल्काचं बिल ऑफ एंट्री जोडायचं. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नंतरच्या पुनर्नोंदणीचं ५,०००. विम्यासाठी ऑनलाइन यादीत तुमचं मॉडेल दिसलं नाही तर विमा कंपनीच्या शाखेत जा. प्रमाणपत्र ६० दिवसांत द्यायचं, ही मुदत कार्यालयासाठी आहे. अर्धवट कागदांचा अर्ज टाकून त्या भरवशावर रॅलीत नाव नोंदवू नका. आधीच नोंदणी झालेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. नोंदणी १० वर्षं चालते.

ही नोंदणी झाली की गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. रविवारी सहकुटुंब जेजुरीला जायचा बेत असेल तर हा अर्ज करूच नका. साध्या नोंदणीचं नमुना २५ वर नूतनीकरण करा, ते पाच वर्षांसाठी मिळतं. जुन्या पुस्तकात मुदत छापलेली नसली तरी १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या कायद्याने खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांचीच धरली जाते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत करायचा असतो, संपल्यानंतरच्या नव्हे.