सिल्क प्रेस

घट्ट कुरळे केस कोणतेही रसायन न वापरता, पाणी, ताण आणि उष्णता यांच्या साहाय्याने तात्पुरते सरळ करण्याची पद्धत. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये ती विशेष रूढ आहे. चुलीवर तापवलेल्या पितळी कंगव्याने केस सरळ करण्याची जुनी रीत तिच्या मुळाशी आहे. कंगव्याची जागा तापमान ठरवता येणाऱ्या स्ट्रेटनरने घेतली आणि जड मलमांऐवजी हलकी संरक्षक द्रव्ये आली. ज्या केसांना रिलॅक्सर, म्हणजे केस कायमचे सरळ करणारे रसायन, लागलेले नाही त्यांना तिकडे ‘नॅचरल हेअर’ म्हणतात, आणि सिल्क प्रेस अशाच केसांसाठी असते. केस धुतले की ते पुन्हा कुरळे होतात. तसे ते व्हायलाच हवेत. पाण्याने जे परत फिरते तो सरळपणा, जे परत फिरत नाही ती इजा. घरी हे काम करताना पाळायचे बहुतेक नियम या एका फरकातून निघतात.

केस सरळ कसा होतो

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. तो कुरळा की सरळ हे त्वचेखालच्या बीजकोशाच्या आकारावर ठरते. आफ्रिकी वंशाच्या लोकांत हा कोश बाकदार असतो आणि केसाचा छेद चपटा, लंबगोल दिसतो. अशा केसाला प्रत्येक वळणावर ताण बसतो. टाळूवरचे तेलही वळणांवरून टोकापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे दिसायला दाट आणि राठ असले तरी हे केस मुळात नाजूक असतात.

केसाचा आकार मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी धरून ठेवलेला असतो. हायड्रोजन बंध कच्चे. पाणी लागले की सुटतात, केस वाळला की नव्याने जुळतात. ओले केस ओढून धरून वाळवले तर ते ताणलेल्या स्थितीतच जुळतात, म्हणजे केस सरळ राहतो. स्ट्रेटनर हेच काम कोरड्या केसावर काही सेकंदांत उरकतो. हवेतला दमटपणा या बंधांना पुन्हा सैल करतो, म्हणून दमट हवेत सकाळी सरळ केलेले केस संध्याकाळपर्यंत फुगलेले असतात. डायसल्फाइड बंध मात्र पक्के. ते पाण्याला दाद देत नाहीत. सोडियम हायड्रॉक्साइडसारखी तीव्र अल्कली असलेले रिलॅक्सर हेच बंध कायमचे बदलतात. सिल्क प्रेसमध्ये त्यांना हात लागत नाही, निदान लागू नये.

उष्णतेची मर्यादा मात्र केस कोरडा आहे की ओला यावर फार अवलंबून असते. कोरड्या केसातले केराटिन साधारण २३० अंश सेल्सिअसच्या आसपास मोडायला लागते. ओल्या केसात हीच मर्यादा १५० अंशांच्या आसपास येते. शिवाय केसाच्या आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि आतल्या आत बुडबुडे तयार होतात. त्वचारोगशास्त्रात याला ‘बबल हेअर’ असे नाव आहे. ड्रायरची हवा १७५ अंशांवर गेली, किंवा १२५ अंशांचा चिमटा मिनिटभर एकाच जागी धरला, तरी असे बुडबुडे पडू शकतात. बाजारातले अनेक स्ट्रेटनर २३० अंशांपर्यंत तापतात. तेव्हा केसाला स्ट्रेटनरची तापलेली पट्टी लावल्यावर ‘चर्र’ असा आवाज आला तर काम तिथेच थांबवावे. तो आवाज पाणी उकळल्याचा असतो.

चुलीवरच्या कंगव्यापासून

गरम चिमटे आणि कंगवे युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वापरात होते. पॅरिसचे केशरचनाकार मार्सेल ग्रातो यांनी १८७० च्या दशकात तापवलेल्या चिमट्याने लाटा पाडण्याची पद्धत लोकप्रिय केली. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात गरम कंगवा पसरला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याचा शोध मॅडम सी. जे. वॉकर (१८६७–१९१९) यांनी लावला असे सर्रास लिहिले जाते, पण ते खरे नाही. आधी ॲनी टर्नबो मलोन यांच्या उत्पादनांच्या विक्रेत्या असलेल्या वॉकर यांनी पुढे स्वतःचा धंदा उभारला, देशभर प्रशिक्षित विक्रेत्या नेमल्या, आणि त्यांच्या पद्धतीत टाळूचे मलम, नियमित धुणे व गरम कंगवा हे सगळे एकत्र आले. जाहिरातींत त्यांचा भर मात्र केस सरळ करण्यापेक्षा केस वाढवण्यावर असे.

घराघरात हा विधी स्वयंपाकघरात चाले. शनिवारी रात्री, विशेषतः ईस्टरच्या आदल्या दिवशी, मुलगी चुलीजवळच्या खुर्चीत बसे. आई किंवा आजी जाळावर ठेवलेला कंगवा उचलून पांढऱ्या कागदावर टेकवून बघे. कागद पिवळा पडला तर कंगवा हवेत फिरवून जरा निवू दिला जाई. कानाजवळ आल्यावर ‘कान धर’ म्हणून आज्ञा होई, कारण तापलेल्या पितळेचा निसटता स्पर्शही कानाच्या पाळीवर फोड उठवायला पुरे. जळक्या तेलाचा वास घरभर पसरे. त्या कंगव्याला आकडे नव्हते, आणि कागदावरची परीक्षा म्हणजे निव्वळ अंदाज.

या अंदाजपंचे उष्णतेवर एक वैद्यकीय आरोपही झाला. काही कृष्णवर्णीय स्त्रियांच्या टाळूच्या मध्यभागी सुरू होऊन बाहेर पसरणारे, व्रण ठेवून जाणारे टक्कल १९६८ साली त्वचारोगतज्ज्ञांनी ‘हॉट कोम अलोपेशिया’ या नावाने नोंदवले. तापलेले पेट्रोलियम मलम ओघळून बीजकोशात शिरते आणि तो जळतो, असा त्यामागचा तर्क होता. पुढे गरम कंगवा कधीच न वापरलेल्या स्त्रियांतही हाच आजार आढळला आणि नाव बदलावे लागले. २०१९ मध्ये केसाच्या घडणीशी संबंधित एका जनुकातील दोषाचा या आजाराशी संबंध काही रुग्णांत दिसून आला. म्हणजे कंगवा एकटा दोषी नव्हता. तो निर्दोष होता असेही नाही. डोक्याच्या मध्यभागी केस विरळ होत असतील तर उष्णता बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञ गाठणेच शहाणपणाचे.

१९६० च्या दशकात कुरळे केस तसेच गोल फुलवून ठेवणाऱ्या ‘आफ्रो’ केशरचनेने सरळ केसांच्या सक्तीला उघड नकार दिला. नंतरच्या काही दशकांत रिलॅक्सरची चलती झाली आणि २००० नंतर मोठ्या संख्येने स्त्रिया त्यापासून दूर जाऊ लागल्या. नैसर्गिक केशरचनेवरून नोकरीत वा शाळेत भेदभाव करू नये, असा ‘क्राउन’ कायदा २०१९ मध्ये प्रथम कॅलिफोर्नियाने केला. २०२२ साली अमेरिकेतील तेहतीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत, केस सरळ करणारी रसायने वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक दिसले. संबंध दिसला, कारण सिद्ध झाले नाही. तरीही कधीतरी सरळ केस हवेत पण रसायन नको, अशांचा ओढा सिल्क प्रेसकडे वाढला तो याच पार्श्वभूमीवर.

घरी करताना

सगळ्यांचे लक्ष स्ट्रेटनरकडे असते. निम्म्याहून जास्त काम त्याआधीच व्हायला हवे. केस धुताना आधीची मलमे, लोणी-तेले आणि जेल पूर्ण निघेल असा शाम्पू दोनदा लावतात, कारण जुना थर पट्टीखाली भाजतो, धूर करतो आणि केसाला चिकट करतो. मग कंडिशनर भरपूर वेळ ठेवून, केस ओले असतानाच टोकांकडून मुळांकडे गुंता सोडवायचा. उलट दिशेने कंगवा घातला की गाठी एकावर एक चढतात.

त्यानंतर वाळवणे, आणि खरी मेख इथेच आहे. केस जितके ताणून वाळतील तितके स्ट्रेटनरचे काम हलके होते. चार ते सहा भाग करून, एकेक बट ब्रशने ताणून, ड्रायरचे तोंड मुळाकडून टोकाकडे ठेवत मध्यम आचेवर वाळवणे ही नेहमीची पद्धत. पण याहून सौम्य वाटा आहेत. नायजेरियातील योरुबा स्त्रिया केसांच्या बटांवर मुळापासून टोकापर्यंत दोरा गुंडाळतात. या रचनेला ‘इरुन किको’ म्हणतात. रात्रभर तसे ठेवले की केस उष्णतेशिवायच लांब आणि बऱ्यापैकी सरळ निघतात. थोड्याथोड्या अंतरावर मऊ रबर बांधूनही हे साधते. आधी असे ताणून घेतले तर ड्रायर केवळ मुळांपुरता लागतो.

केस पूर्ण वाळले की नाही हे बोट मुळाशी लावून कळते : गार लागले तर आत ओल आहे. मुळाशी केस सर्वांत दाट असल्यामुळे ओल तिथेच शेवटपर्यंत राहते.

उष्णतारक्षक द्रव्यांत बहुधा सिलिकोन किंवा तत्सम बहुवारिके (पॉलिमर) असतात. ती केसावर पातळ थर देतात. उष्णता थोडी हळू आणि समान पोहोचते, पट्टी अडखळत नाही. उष्णता ती अडवत नाहीत, त्यामुळे फवारा मारला म्हणजे आता कितीही तापवा, असे समजू नये. फवारा पाण्याचा असेल तर तोही आधी वाळू द्यावा. खोबरेल तेलाबद्दल इथे सांगणे भाग आहे, कारण आपल्याकडे प्रत्येक केसावर तोच उपाय सांगितला जातो. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की खोबरेल तेल केसात मुरते आणि प्रथिनांची गळती कमी करते. अमेरिकेतील कुरळ्या केसांच्या मंडळींतही या अभ्यासाचा दाखला वारंवार दिला जातो. पण तो फायदा धुण्याच्या आधी वा नंतर लावलेल्या तेलाचा आहे, पट्टीखालच्या तेलाचा नाही. रिफाइंड न केलेले खोबरेल तेल साधारण १७५ अंशांना धुरायला लागते. स्ट्रेटनरखाली ते संरक्षण देत नाही, तळण देते.

प्रत्यक्ष पट्टी फिरवताना बट इतकी पातळ हवी की प्रकाशाकडे धरली तर पलीकडचे दिसावे. तापमान असे : बारीक, रंगवलेल्या किंवा ब्लीच केलेल्या केसांना १५० अंशांपर्यंत, मध्यम केसांना १५० ते १८०, आणि जाड, निरोगी केसांनाच १८० ते २००. स्ट्रेटनरवरचा आकडा आणि पट्टीचे खरे तापमान यांत तफावत असू शकते, म्हणून मानेजवळच्या, वरच्या केसांखाली झाकल्या जाणाऱ्या एका बटेवर आधी करून पाहावे. ती बट थंड झाल्यावर पाण्यात बुडवावी. पूर्वीसारखी वळली तर पुढे जायला हरकत नाही. टोकाशी लोंबतच राहिली तर २० अंश खाली यावे.

बारीक दातांचा कंगवा पुढे आणि पट्टी त्याच्या मागोमाग, अशी संथ, न थांबता एक फेरी. फार तर दोन. आकड्यावर वाद घालणाऱ्यांचे फेऱ्यांकडे दुर्लक्ष होते. १६० अंशांवर पाच वेळा फिरवलेली पट्टी १८० वर एकदा फिरवलेल्या पट्टीपेक्षा सौम्य असेलच असे नाही. दोन फेऱ्यांनंतरही केस सरळ होत नसेल तर दोष बहुधा वाळवण्यात असतो, तापमानात नाही. टोकांवरून हात जरा चटकन काढावा. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ३० सेंटिमीटर लांब केसाचे टोक जवळपास दोन वर्षांचे जुने असते आणि आधीच्या सगळ्या उष्णतेचा हिशेब त्याच्या नावावर असतो.

कपाळाजवळच्या बारीक केसांसाठी काही जणी अजून गरम कंगवाच वापरतात. तापमान दाखवणारा विजेचा कंगवा घ्यावा. चुलीवरचा आता हौसेपुरता.

नंतरची निगा

केस पूर्ण निवेपर्यंत हात लावत नाहीत. रात्री ते डोक्याभोवती गोल गुंडाळून सॅटिनचा स्कार्फ बांधतात. सुती उशी ओलावा शोषते आणि घर्षणाने केस पिंजते. घाम, वाफ आणि पाऊस हे तिन्ही शत्रू. कोकणात पावसाळ्यात हा प्रयोग एक दिवसही टिकणार नाही. कोरड्या हवेत तो आठवडा-दोन आठवडे जातो. मुळे फुगली म्हणून रोज पट्टी फिरवणे ही सर्वांत वाईट सवय, कारण तिथे घामाची ओल आणि तेल दोन्ही असते. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजीचा सल्ला आठवड्यातून एकदापेक्षा जास्त नको असा आहे. तीही कमाल मर्यादा आहे. ज्यांना आपले वेटोळे टिकवायचे असतात त्या वर्षातून मोजक्याच वेळा करतात.

आपल्याकडच्या सलूनमधील स्मूदनिंग आणि ‘केराटिन ट्रीटमेंट’ यांची सिल्क प्रेसशी गल्लत करू नये. त्यांत रसायन असते, आणि काही उत्पादनांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड बाहेर पडते. आपले लहरदार किंवा सैल कुरळे केस सरळ व्हायला कमी उष्णता पुरते, त्यामुळे परदेशी चित्रफितींतले २०० अंश जसेच्या तसे उचलण्याचे काही कारण नाही.

इजेची खूण

धुतल्यावर काही बटा वेटोळे घेत नाहीत, मधोमध किंवा टोकाशी सरळच लोंबतात. केस ओला असताना ओढला तर रबरासारखा ताणून तुटतो. टोके दुभंगतात, पांढरे ठिपके दिसतात. वारंवार उष्णता देऊन वेटोळे मुद्दाम सैल करण्याला ‘हीट ट्रेनिंग’ असे गोड नाव आहे. ते शिक्षण नसून हप्त्याहप्त्याने केलेली इजाच असते. प्रथिनयुक्त कंडिशनरने असा केस काही दिवस भरल्यासारखा लागतो, पण त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो आणि मोडलेले केराटिन पुन्हा घडत नाही. त्यामुळे उपाय दोनच : बिघडलेला भाग एकदम कापणे, किंवा नवे केस वर्षाला साधारण १५ सेंटिमीटर या गतीने खालून येत असताना दर दोन-तीन महिन्यांनी टोके छाटत जाणे. दुसऱ्या वाटेत कुरळ्या आणि सरळ भागाच्या सांध्यावर केस सहज तुटतो, म्हणून त्या काळात विंचरताना जपावे आणि पट्टी कपाटात ठेवावी.