पॅप आणि एचपीव्ही तपासणी: नमुना एकाच जागचा, प्रश्न वेगळे

पॅप आणि एचपीव्ही या गर्भाशयमुखाच्या, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या, कॅन्सरसाठीच्या तपासण्या. रिपोर्टवर ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ दिसलं की अनेकींना वाटतं, कॅन्सर झाला. आणि पॅप ‘नॉर्मल’ आला की आता आयुष्यभर काळजी नको, असं धरलं जातं. दोन्ही समज चुकीचे आहेत. घोटाळा होणं साहजिकच, कारण दोन्ही तपासण्यांसाठी गर्भपिशवीच्या तोंडावरूनच नमुना घेतात, कधी कधी तर एकाच नमुन्यावर दोन्ही करतात.

पॅपमध्ये त्या नमुन्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात: त्यांचं रूप बिघडलंय का? एचपीव्ही तपासणीत पेशींचं रूप कुणी बघत नाही. तिथे शोध असतो तो कॅन्सरकडे नेऊ शकणाऱ्या एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूचा. म्हणून पॅपमध्ये दिसतो तो झालेला बदल, आणि एचपीव्ही तपासणीत कळतो तो पुढचा धोका.

हा धोका किती धरायचा? लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी ना कधी ही लागण होते आणि बहुतेकांच्या शरीरातून ती दोनेक वर्षांत आपोआप निघून जाते. जी वर्षानुवर्षं ठाण मांडते, तीच घातक. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरमागे या विषाणूचे १६ आणि १८ हे दोनच प्रकार असतात. तरीही लागण ते कॅन्सर या वाटेला साधारण १५ ते २० वर्षं लागतात; एचआयव्हीसारख्या कारणानं प्रतिकारशक्ती खालावली असेल तर कमी. मधल्या काळात बिघडलेला भाग ओळखून काढून टाकता येतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. पॉझिटिव्ह रिपोर्टवरून बाईच्या किंवा नवऱ्याच्या चारित्र्यावर बोट ठेवू नये. विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, त्यामुळे तो कधी आला, कोणाकडून आला, हे रिपोर्ट सांगूच शकत नाही. या संशयाच्या भीतीनं बायका पुढच्या तपासणीला जायचं टाळतात, आणि खरं नुकसान तिथे होतं.

मग जास्त भरवशाची कोणती? याचं मोठं उत्तर आपल्याच मातीतून आलं. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय त्यात होतं. निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी आणि गरजेप्रमाणे उपचार झाले, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. पेशी-तपासणीच्या, म्हणजे पॅपच्या, गटात अशी ठळक घट दिसली नाही. पॅप वाचायला तयार नजर लागते आणि एका वेळच्या पॅपमध्ये बदल निसटूही शकतो; म्हणून तो ठरावीक वर्षांनी पुन्हा करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना आता तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही तपासणी सुचवते. तिचा नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो, संकोच वाटणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय आहे.

पण म्हणून पॅप बाद झाला असं नाही. १६ किंवा १८ सापडला तर बहुधा थेट कोल्पोस्कोपी करतात, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख नीट बघतात. दुसरा प्रकार असेल तर आधी पॅप करून पुढचं ठरवतात. कॅन्सर आहे की नाही, हे मात्र बायोप्सीच, म्हणजे छोटा तुकडा काढून केलेली तपासणीच, सांगते.

एचपीव्हीची लस घेतलेल्यांनाही तपासणी चुकत नाही, कारण लस विषाणूच्या सगळ्या घातक प्रकारांना अडवत नाही आणि आधीच झालेली लागण घालवत नाही.

आणि संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, किंवा अंगावरून दुर्गंधी स्राव जात असेल, तर जुना रिपोर्ट कितीही चांगला असो, लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. या दोन्ही तपासण्या काही त्रास नसलेल्या बाईसाठी आहेत.