लॉरीचं दार काढायच्या आधी हे वाचा

गेल्या काही वर्षांत आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या शेडवर जुनी लॉरी घरीच नवी करणारी मंडळी भरपूर यायला लागलीत, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी, आणि हद्दीपलीकडून गडहिंग्लज-चंदगडचीपण. सगळ्यांचा प्रश्न एकच, "दार बसेना झालंय ओ, काय करायचं?" फोनवर तेच तेच सांगून घसा बसला म्हणून हे छापून घेतलंय. कन्नडमधलं वेगळं आहे, काउंटरवर मागून घ्या.

ग्राइंडर कसा धरायचा, प्रायमर कधी मारायचा हे तुम्हाला शिकवायला नको, ते तुम्हाला येतंय म्हणून तर घरी काम काढलंय. लॉरी बहुतेक वडलांची नाहीतर आज्याची असते, फॅक्टरीला ऊस ओढलेली, पंधरा-वीस वर्षं चिंचेखाली उभी. इंजिन खोललं की चालू होतंय, ब्रेकचं सामान मिळतंय. घोळ होतो तो केबिनवर, आणि तोही पहिल्याच रविवारी.

होतं असं की उत्साहात सगळ्यात आधी दारं काढली जातात. बिजागरीचे बोल्ट सुटले की मोकळं, काम झाल्यासारखं वाटतं. दारं जातात गोठ्यात. मग दाराखालची कुजलेली पट्टी ग्राइंडरनं उडवायची, दोन्ही बाजूंची एकदमच, जोडीला फ्लोअरचा पत्राही, कारण एकदा मशीन हातात आलं की थांबवत नाही. नवा पत्रा आणून मस्त वेल्डिंग करायचं. तीन महिन्यांनी दार लावायला घेतलं की वरच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट आणि खाली लॉक खांबावर आपटतंय. मग हातोडा, मग बिजागरीखाली वायसर, मग लांबी (पुट्टी) भरून कडा सरळ केल्याचं नाटक, आणि मग आम्हाला फोन.

केबिन म्हणजे दोन बाजूंना मोठी भोकं पाडलेला पेटारा. दारापुढचा आणि दारामागचा खांब खालच्या पट्टीवर उभा असतो आणि टपाचं वजन त्याच खांबांवर असतं. पट्टी कापली की खांबाचे पाय सुटतात, टप इंचभर नाही पण पाच-सात मिलिमीटर नक्की बसतो, आणि तुम्ही नवी पट्टी त्या बसलेल्या मापावर वेल्ड करता. म्हणजे वाकडेपणा कायमचा झाला. परत कापल्याशिवाय तो निघत नाही, लांबीनं तर अजिबात नाही.

"भंगारातनं दुसरं दार आणतो की" असं बरेच म्हणतात. आणा, बसणार नाही. टेल्कोनं, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सनं, १९५४ मध्ये डायम्लर-बेंझबरोबर ट्रक करायला घेतले, १९६९ पर्यंत तो करार होता, म्हणून जुन्या गाड्यांवर ती मर्सिडीजची चांदणी दिसते. पण त्या काळात आणि नंतरही खूप गाड्या कंपनीतनं नुसती चासी, इंजिन आणि पुढचा काउल (इंजिनवरचा पुढचा पत्रा) एवढ्यावरच यायच्या, केबिन आणि हौदा बॉडीबिल्डर करायचा, नामक्कलचा, सरहिंदचा नाहीतर इथलाच कुणी. आतून लाकडी चौकट, वरून पत्रा, सगळं हातानं. त्यामुळं दोन टाटा १२१० शेजारी लावल्या तरी एकीचं दार दुसरीला लागत नाही, एकाच गाडीचं डावं-उजवं आम्ही मोजलंय, त्यातही फरक निघतो. कॅटलॉगमध्ये ते माप कुठंही नाही. तुमच्या केबिनचं माप तुमच्या दारातच आहे, ते दार म्हणजेच तुमचा साचा, आणि तोच तुम्ही गोठ्यात ठेवताय, काहींनी तर वजनावर भंगारवाल्याला दिलाय.

तर काय करायचं. गाडी आधी सपाट जागेवर घ्या, एक चाक चिखलात आणि एक दगडावर असेल तर चासीलाच पीळ बसतो आणि मग केबिनलाही. ॲक्सलखाली चार घोड्या लावा आणि गवंड्याच्या पाणीनळीनं लेव्हल बघा, महाग काही लागत नाही. बॅटरी सोडवा, डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवा, पुढची काच काढा नाहीतर ठिणग्यांनी तिच्यावर देवीचे व्रण पडतील. दारं मात्र लावलेली आणि बंद. आता फट बघा. अशा हातच्या केबिनला चहूबाजूंनी पेन्सिल सरकेल एवढी फट असली तर उत्तम, एका कोपऱ्यात कमी असली तर ती आजची नाही, जुनी आहे, तशीच लिहून ठेवा. मग दार उघडून कोपरा ते कोपरा दोन्ही तिरकी मापं घ्या, डाव्या खांबाच्या पायापासून उजव्या खांबाच्या डोक्यापर्यंत आणि उलटं तेही. वहीत लिहू नका, वही हरवते. टपावर आतून टेप चिकटवून त्यावर लिहा.

आता आधार. इंचाचा चौकोनी पाईप, सहा तुकडे, प्रत्येक दाराच्या चौकटीत एक आडवा आणि एक तिरका, आणि केबिनमध्ये डावीकडून उजवीकडं दोन फुलीसारखे. हे पाईप खांबाच्या आतल्या बाजूला लावायचे, दार उघडझाप झालं पाहिजे, इथंच निम्मे लोक चुकतात आणि बरोबर चौकटीच्या मधोमध पाईप ठोकून दार लावायची सोयच ठेवत नाहीत. वेल्ड पत्र्यावर नको, जिथं आत अँगल किंवा जाड पट्टी आहे तिथंच.

मग एकच बाजू कापा. नवी पट्टी १८ गेजची, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, नुसते टाके मारून धरा, दार लावा, बंद करा, पेन्सिल फिरवा, तिरकं माप टेपवरच्या आकड्याशी ताडून बघा. जमलं तर पक्कं वेल्डिंग, तेही इंच-इंच आणि जागा बदलून बदलून, एका टोकापासून सरळ ओढत नेलं तर उष्णतेनं पत्रा पापडासारखा फुगतो. साध्या रॉडनं हा पत्रा जळून भोक पडतं, सीओटू वेल्डिंग मशीन ०.८ मिलिमीटरच्या वायरवर घ्या. एक बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरी. फ्लोअर सगळ्यात शेवटी. आणि फ्लोअर होईपर्यंत पाईप काढायचे नाहीत, मधे मधे लागतात, गुडघा आपटतो, शिव्या द्या पण काढू नका.

हे आम्ही पुस्तकात वाचलेलं नाही. आमच्या वडलांच्या लॉरीवर मीच ही चूक केलीय, दोन्ही बाजू एका दुपारी कापल्या. संध्याकाळी वडील आले, उघड्या चौकटीत हात घालून खांब हलवला, तो हलला, काही बोलले नाहीत, चहा पिऊन गेले. ती केबिन सरळ करायला मला सव्वा महिना लागला आणि डावं दार अजून उचलूनच लावावं लागतं.

आता थोडं आमच्याबद्दल, कारण त्यावरूनही कुरकुर होते. कापायच्या आधी बघायला येण्याचे आम्ही पैसे घेतो, काम आमच्याकडं दिलं तर ते बिलात वजा करतो. अर्ध्या तासाचं काम वाटतं, पण त्या अर्ध्या तासात तुमचा महिना वाचतो. दारं नसलेली, आधीच कापलेली केबिन आली तर ठरवून रक्कम सांगत नाही, रोजावरच घेतो, कारण साचा नसताना किती दिवस जातील हे आम्हालाच माहीत नसतं, अंदाजे सांगून नंतर वाढवण्यापेक्षा हे बरं. ज्यांना स्वतःच करायचंय त्यांच्यासाठी दोन्ही टोकांना आटे असलेले, लहानमोठे होणारे आधाराचे पाईप भाड्यानं देतो, डिपॉझिटवर. वेल्ड करायची गरज नाही, बोल्टवर बसतात. लग्नसराईत मंडपवाले मागायला येतात, त्यांना देत नाही.

गंजाबद्दल एक सांगतो. बिजागऱ्या, लॉक, कंस असले छोटे लोखंडी भाग घासत बसू नका, गुरांच्या खाद्यात घालतात ती मळी आणा, एक भाग मळी नऊ भाग पाणी, पिंपात आठ-पंधरा दिवस बुडवून ठेवा, गंज सुटतो. आपल्याकडं इतके साखर कारखाने असताना केमिकलला कशाला पैसे घालायचे. वास येतो, घरापासून लांब ठेवा. ॲल्युमिनियमचं काही त्यात टाकू नका, खाऊन टाकते.

कस्टमचं काम आम्ही करतो, दांडेलीच्या सागवानाचा हौदा, नवा फाळका, एलईडी, आतली सीट, सगळं. पण इंजिन बदलायचं किंवा चासी लांब-आखूड करायची असेल तर आधी आरटीओ. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं आरसीवर लिहिलेलं काही परस्पर बदलता येत नाही, आम्ही परवानगीचा कागद बघूनच हात लावतो. व्हिंटेज नंबर मिळेल काय विचारतात, २०२१ चा तो नियम पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि माणसं बसायच्या खासगी चारचाकीसाठी आहे, मालवाहू लॉरी त्यात येत नाही. एमएच ०९ ची, म्हणजे कोल्हापूरची, गाडी घेऊन इकडं कर्नाटकात बारा महिन्यांच्या वर ठेवणार असाल तर एनओसी आणि नवीन नंबरचं बघून घ्या. आणि चासी घासताना पंच केलेल्या नंबरवर ग्रीस लावून जाड पुठ्ठा बांधा, तिथं ग्राइंडर फिरला तर पुढं आम्हीही काही करू शकत नाही.

सोमवारी शेड बंद. आधी फोटो पाठवा, दार बंद असताना चारही कोपऱ्यांचे जवळून, टेपवरचे आकडे दिसतील असे. आणि गाडी आणायची ठरली तर दारं गाडीलाच लावून आणा, हौद्यात गादीत गुंडाळून नको.